ट्रान्सफर क्वार्टरबॅक कसा पारखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपत येतो आणि दोन-तीन आठवड्यांत कितीतरी संघांचे क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, बदललेले असतात. ऑस्टिन, कोलंबस, कॉलेज स्टेशन, वेस्ट लाफायेट अशा गावांत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना, आणि त्यांच्यामुळे इकडच्या आईवडिलांनाही, शनिवारच्या सामन्यांची सवय लवकर लागते. पण नवा आलेला गडी खरंच चांगला आहे की नुसताच गाजलेला, हे ओळखणं अवघड जातं. खालची सगळी उत्तरं एकाच गोष्टीभोवती फिरतात: जुन्या संघातले आकडे त्याच्या एकट्याचे नसतात. काही लाइनने (त्याच्यापुढे भिंत करून बचाव अडवणारे खेळाडू) मिळवून दिलेले असतात, काही रिसिव्हरांनी (पास झेलणारे), काही कोचच्या पद्धतीने. त्यातलं त्याचं स्वतःचं किती, एवढं वेगळं काढता आलं की बरंचसं काम झालं.

ट्रान्सफर क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण?

एका विद्यापीठाकडून खेळत असताना शिक्षण आणि खेळ दोन्ही घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेलेला क्वार्टरबॅक. त्याचे तीन प्रकार दिसतात: पदवी पूर्ण करून मास्टर्ससाठी जाणारा, पदवी अर्धवट असताना जाणारा, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून वर येणारा. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. कोणाची किती वर्षं उरली आहेत आणि कोणाचे क्रेडिट अडकू शकतात, हे त्यावरच ठरतं.

ट्रान्सफर पोर्टल कसं चालतं? जुन्या संघाची परवानगी लागते का?

आता लागत नाही. पोर्टल, म्हणजे बदली करू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या कोचशी बोलायलासुद्धा जुन्या विद्यापीठाची परवानगी घ्यावी लागे, आणि ती नाकारलीही जाई. आता खेळाडू आपल्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणारा विभाग) लेखी कळवतो. कामाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर चढवणं त्या ऑफिसवर बंधनकारक असतं, आणि तिथून पुढे कोणताही कोच त्याच्याशी बोलू शकतो. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला तेव्हा त्याला मुंबई क्रिकेट संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागलं होतं. कॉलेज फुटबॉलमध्ये तो टप्पाच उरलेला नाही.

पूर्वी दुसरी अट होती ती एक हंगाम बाहेर बसण्याची. २०२१ पासून पहिल्या बदलीसाठी ती गेली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) कितीही वेळा बदली करायला मोकळीक दिली. अट एवढीच की अभ्यासातली प्रगती नियमात बसली पाहिजे.

तारखाही आवळल्या आहेत. पूर्वी डिसेंबर आणि एप्रिल अशा दोन वेळा खिडकी (पोर्टलवर नाव देण्याची मुदत) उघडत असे. २०२५च्या हंगामानंतर वसंतातली खिडकी बंद झाली आणि २ ते १६ जानेवारी २०२६ ही एकच ठेवली गेली. कोच बदलला तर त्या संघातल्या मुलांना वेगळी मुदत मिळते.

एका खेळाडूवर एवढी चर्चा कशासाठी?

निकाल पाहा. २०२४च्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटचा विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला होता आणि नॉटर डेमचा रायली लेनर्ड ड्यूकमधून. ओहायो स्टेटने तो ३४–२३ असा जिंकला. पुढच्या हंगामातही तेच: कॅलमधून (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) इंडियानाला आलेला फर्नांडो मेंडोझा आणि जॉर्जियाहून मायामीला आलेला कार्सन बेक समोरासमोर. इंडियाना १६–० (१६ विजय, पराभव शून्य) राहिली आणि हाइझमन ट्रॉफीही (हंगामातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) मेंडोझाकडे गेली. बेकर मेफिल्ड, कायलर मरे, जो बरो, केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स हे हाइझमन विजेतेही बदली करून आलेले.

आणि नेमकी हीच यादी वाचून लोक फसतात. चालले ते लक्षात राहतात, फसलेल्यांची नावं वर्षभरात विसरली जातात.

सुरुवात कोणत्या आकड्यापासून करायची?

पासर रेटिंगपासून (पास फेकण्याचा एकत्रित गुणांक) तरी नको. कॉलेजचं रेटिंग एनएफएलच्या (व्यावसायिक लीग) रेटिंगहून वेगळं असतं. त्याचं सूत्र असं: यार्ड गुणिले ८.४, अधिक टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवणारे पास) गुणिले ३३०, अधिक पूर्ण झालेले पास गुणिले १००, वजा इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास) गुणिले २००; आणि या सगळ्याला एकूण पासांनी भागायचं.

जो बरोचं उदाहरण घ्या. ओहायो स्टेटमधून एलएसयूला (लुइझियाना स्टेट) आल्यावर २०१८ मध्ये त्याने ३७९ पैकी २१९ पास पूर्ण केले: २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. रेटिंग येतं १३३.२. पुढच्या वर्षी ५२७ पैकी ४०२, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन, आणि रेटिंग २०२.० च्या घरात. माणूस तोच, गणवेशही तोच. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून जो ब्रेडी पासिंगची पद्धत घेऊन आला, जस्टिन जेफरसन आणि जमार चेस एका वर्षाने मुरले आणि लाइन देशातली सर्वोत्तम ठरली. २०१८चं रेटिंग पाहून बरोला कोणी मोडीत काढलं असतं तर आकडा चुकीचा नव्हता, त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरला असता.

मग त्याचे स्वतःचे म्हणावेत असे आकडे कोणते?

सर्वांत भरवशाचा म्हणजे दबावाखाली आल्यावर सॅक होण्याचं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाण्याचं, प्रमाण. पास टाकताना त्याच्यावर दबाव किती वेळा आला आणि त्यातून तो प्रत्यक्ष किती वेळा पाडला गेला, याची टक्केवारी काढायची. समजा दोघांवरही १२० वेळा दबाव आला. पहिला १८ वेळा सॅक झाला, म्हणजे १५ टक्के. दुसरा ३२ वेळा, म्हणजे जवळजवळ २७ टक्के. लाइन दोघांचीही सारखीच गळकी, पण दुसरा चेंडू धरून ठेवतो. ढोबळ ठोकताळा असा: १५ टक्क्यांच्या आसपास चांगलं, २५च्या पुढे काळजीचं. ही सवय खेळाडूबरोबर संघ बदलते, म्हणून तिला महत्त्व. दबाव किती वेळा आला हा आकडा मात्र बराचसा लाइनचा असतो. या दोन्हींची गल्लत झाली की चांगल्या मुलावर काट मारली जाते. मेंडोझा २०२४ मध्ये कॅलकडून खेळताना ४० पेक्षा जास्त वेळा सॅक झाला होता. नुसता तो आकडा पाहून थांबलेल्यांना पुढच्या वर्षी आश्चर्य वाटलं असणार.

त्यानंतर पास पूर्ण होण्याची टक्केवारी, पण गाळून घेतलेली. रिसिव्हरच्या हातातून सुटलेले पास त्याच्या बाजूने मोजा, मुद्दाम मैदानाबाहेर फेकलेले काढून टाका. मग चेंडू सरासरी किती लांब जात होता ते पाहा. स्क्रीन पासवर (रेषेजवळच दिलेला छोटा पास) ७० टक्के मिळवणं आणि १५ यार्डांपुढे फेकून ६० टक्के मिळवणं यांची तुलनाच होत नाही. बदलीनंतर टक्केवारी वाढलेली दिसली की आधी पासांची लांबी कमी झाली का ते तपासा.

टचडाउन-इंटरसेप्शनचं गुणोत्तर सांभाळून वापरा. बचावपटूच्या हाताला लागून खाली पडलेला पास आकड्यांत निव्वळ अपूर्ण पास म्हणून जातो. फिल्म पाहताना असे ‘वाचलेले’ पास वेगळे मोजा. १० इंटरसेप्शन आणि ४ वाचलेले यापेक्षा ४ इंटरसेप्शन आणि १२ वाचलेले हा माणूस जास्त धोक्याचा.

त्याचे पळण्याचे यार्ड कमी दिसतात. म्हणजे तो पळत नाही का?

घाई करू नका. कॉलेजच्या नोंदींत सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या रशिंगमधून वजा होतात. एनएफएलमध्ये तसं होत नाही. म्हणजे एखादा १० वेळा पळून ७० यार्ड मिळवतो, ४ वेळा सॅक होऊन ३० गमावतो, आणि स्कोअरकार्डवर दिसतं: १४ धावा, ४० यार्ड. प्रत्यक्षात तो दर धावेला ७ यार्ड काढत होता. सॅकचे यार्ड परत मिळवून हिशेब करायला दोन मिनिटं लागतात.

पळण्यात आणखी एक भेद आहे. कोचने आखलेली धाव वेगळी आणि पास फसल्यावरचं पळणं वेगळं. पहिली नव्या कोचच्या वहीत असेल तरच दिसणार. दुसरं सोबत येतं, पण ते पहिला रिसिव्हर मोकळा न दिसताच सुरू होत असेल तर त्याला गुण म्हणता येत नाही.

फिल्म पाहताना नेमकं काय पाहायचं?

हायलाइट्स बाजूला ठेवा. त्यांत फक्त चाललेले पास असतात. तीन पूर्ण सामने निवडा: एक हरलेला, एक तगड्या बचावासमोरचा, एक परक्या मैदानावरचा. निकाल ठरून गेल्यावरचा चौथा क्वार्टर सोडून द्या. टीव्हीच्या प्रक्षेपणात वरचे सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) आणि लांब गेलेले रिसिव्हर दिसत नाहीत, त्यामुळे बावीसही खेळाडू दिसतील असा कॅमेरा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर रिप्लेवर भागवावं लागतं.

पहिल्या फेरीत फक्त थर्ड डाउन (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि ७ किंवा जास्त यार्ड हवे असलेले खेळ पाहा. इथे पळवापळवीचा बहाणा चालत नाही, समोरच्याला पास येणार हे ठाऊक असतं. स्नॅपपासून (लाइनच्या मधला सेंटर चेंडू मागे देतो तो क्षण) चेंडू हातातून सुटेपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळावर मोजा. अडीचच्या आत बहुतेक पास ठरलेल्या जागी जातात. तीनच्या पुढे गेलं की सॅकचा दोष एकट्या लाइनवर टाकता येत नाही.

दुसऱ्या फेरीत नजर पाहा. तो पहिला रिसिव्हर सोडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जातो का? अर्धंच मैदान वाचतो का? ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) येणार हे स्नॅपआधी ओळखून लाइनला हातवारे करतो की सेंटरवर सोडून देतो? आणि पाय: पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) दबाव आला की दोन छोटी पावलं पुढे टाकून फेकतो, की मागे मागे सरकतो? मागे सरकणारा आपल्याच टॅकलची (लाइनच्या टोकाचा खेळाडू) पंचाईत करतो, कारण टॅकलने बचावपटूला ज्या कोनात वळवलेलं असतं त्याच कोनात हा जाऊन उभा राहतो.

हाताची ताकद टीव्हीवरून कळते का?

कळते, पण ६० यार्ड लांब फेकलेल्या चेंडूवरून नव्हे. लांबचा हॅश (खेळ सुरू करण्याची मैदानावरची खूण) आणि १२ यार्डांचा ‘आउट’ (साइडलाइनकडे वळणारा) हा पास शोधा. कॉलेजच्या मैदानात दोन हॅशमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवी साइडलाइन १०० फूट, साधारण ३३ यार्ड आडवी लांब पडते. क्वार्टरबॅक स्नॅपच्या रेषेमागे ७ यार्ड उभा, रिसिव्हर १२ यार्ड पुढे जाऊन साइडलाइनच्या आत दोनेक यार्डांवर चेंडू घेणार. कर्णाचा हिशेब केला की कागदावरचा १२ यार्डांचा पास हवेत ३६ यार्डांहून जास्त जातो, आणि तोही सपाट जायला हवा. तरंगला की कॉर्नरबॅक मधे येतो आणि समोर मोकळं मैदान असतं. असे पाच-सहा पास सापडले तर त्याचा हात कळला. तीन सामन्यांत एकही नसेल तर जुन्या कोचने तो पास त्याला का टाकायला दिला नाही, हा प्रश्न उरतो.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत जुळते का, हे कसं पाहायचं?

बदली फसण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सर्वांत सोपा प्रसंग म्हणजे कोच आणि क्वार्टरबॅक एकत्र येणं. मायकेल पेनिक्स २०२२ मध्ये इंडियानाहून वॉशिंग्टनला गेला, तिथे हेड कोच होता कॅलन डीबोअर, जो २०१९ मध्ये इंडियानात त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) होता. केलेब विल्यम्स लिंकन रायलीच्या पाठोपाठ ओक्लाहोमाहून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेला. दिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटमधून व्हँडरबिल्टला आला तेव्हा त्याचे तिथले कोच जेरी किल आणि टिम बेकही आले, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला अव्वल क्रमांकावरची अलाबामा ४०–३५ अशी हरली. अशा ठिकाणी शब्द, खुणा, पावलं सगळं आधीच बसलेलं असतं. शिकायचं कोणाला असेल तर बाकीच्या दहांना.

पद्धत वेगळी असेल तर जुन्या संघातले किती पास आरपीओचे (रन-पास ऑप्शन) होते ते मोजा. आरपीओमध्ये क्वार्टरबॅक एकाच बचावपटूकडे पाहून ठरवतो: चेंडू रनिंग बॅकला द्यायचा की फेकायचा. कॉलेजच्या नियमात लाइनमन ३ यार्ड पुढे जाऊ शकतात म्हणून हे चालतं. त्यातून टक्केवारी छान दिसते, पण पूर्ण मैदान वाचण्याची परीक्षा होत नाही. निम्मे पास असे असतील तर उरलेल्या निम्म्यांवरच मत बनवा.

सॅम हार्टमनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. वेक फॉरेस्टचा ‘स्लो मेश’ हा खास प्रकार: क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक चेंडू दोघांच्या मधे धरून संथ पावलांनी पुढे सरकतात आणि लाइनबॅकर (मधल्या फळीतले बचावपटू) फसेपर्यंत थांबतात. तिथे हार्टमनने २०२२ मध्ये ३८ टचडाउन पास दिले. २०२३ मध्ये नॉटर डेमच्या पारंपरिक आक्रमणात २४. संघ १०–३ राहिला, म्हणजे वाईट काही झालं नाही. पण जुन्या आकड्यांवर ज्यांनी गणित मांडलं त्यांचं गणित चुकलं.

आणखी बारकावे: तो आजवर शॉटगनमध्येच (सेंटरपासून काही यार्ड मागे) उभा राहिला आणि नवा संघ सेंटरच्या मागून चेंडू घेत असेल, तर प्ले-ॲक्शनवर (चेंडू रनिंग बॅकला देण्याचा आव आणून टाकलेला पास) बचावाकडे पाठ फिरवून परत वळल्यावर चित्र नव्याने वाचावं लागतं. पूर्वी साइडलाइनवरच्या फलकावरून खूण घेत होता आणि आता हेल्मेटमधल्या रेडिओवर लांबलचक नाव ऐकून हडलमध्ये (खेळाआधीच्या घोळक्यात) सांगायचं असेल, तर पहिल्या महिन्यात वेळ पुरत नाही. एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलचा वरचा स्तर) २०२४ पासून हा रेडिओ चालतो आणि प्ले क्लॉकवर (खेळ सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरले की बंद पडतो. तो डावखुरा असेल, पेनिक्स किंवा डिलन गॅब्रिएलसारखा, तर त्याची न दिसणारी बाजू राइट टॅकलच्या हवाली जाते. तिथे चांगला माणूस आहे का ते पाहा. डावखुऱ्याच्या चेंडूची फिरकी उलटी असते, तिची सवय व्हायला रिसिव्हरांना काही सराव द्यावे लागतात.

लहान कॉन्फरन्समधून (संघांचा गट) आलेल्याचे आकडे किती कापायचे?

ठरावीक टक्के कापणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा त्याने मोठ्या संघांविरुद्ध खेळलेले सामने वेगळे काढा. लहान संघ दरवर्षी एक-दोन तरी असे सामने खेळतात. तिथे लाइन कोलमडलेली असतेच, म्हणून निकाल सोडा; चेंडू वेळेत सुटत होता का आणि पास योग्य जागी होता का, तेवढंच पाहा. कॅम वॉर्ड इन्कार्नेट वर्ड या एफसीएस (एफबीएसच्या खालचा स्तर) संघातून वॉशिंग्टन स्टेटला आला, तिथून मायामीला. मायामीत २०२४ मध्ये ३९ टचडाउन पास आणि २०२५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याची फेरी) पहिला क्रमांक. तो मधल्या पायरीवर दोन वर्षं थांबला, हे विसरू नका. थेट उडी घेणाऱ्यांना वेग पचवायला जास्त वेळ लागतो: जी फट पूर्वी सेकंदभर उघडी राहायची ती आता अर्धा सेकंद राहते.

उलटा प्रवासही पाहायला मिळतो. मोठ्या संघात दोन वर्षं बेंचवर बसून खाली आलेला. त्याच्याकडे नाव असतं, शाळेतले स्टार (मानांकन) असतात, फिल्म मात्र नसते. अशा वेळी मोठ्या अपेक्षा ठेवायला काही आधार नाही.

त्याची किती वर्षं शिल्लक आहेत हे कसं मोजायचं?

नियम ढोबळमानाने असा: पाच वर्षांत चार हंगाम. एखाद्या वर्षी चार किंवा त्याहून कमी सामने खेळला तर ते वर्ष रेडशर्ट (चार हंगामांत न धरलेलं) म्हणून वाचू शकतं. २०२०चा कोविडचा हंगाम कोणाच्याच खात्यात धरला गेला नाही, म्हणून मधली काही वर्षं २४-२५ वयाचे क्वार्टरबॅक दिसत होते. ज्युनियर कॉलेजची वर्षं मोजायची की नाही यावर पाविया कोर्टात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला आणखी एक हंगाम मिळाला. ही बाजू अजून हलती आहे. कोणत्याही खेळाडूबद्दल विद्यापीठाने जाहीर केलेली स्थितीच धरा.

अभ्यासाचं गणित चाहते विसरतात. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचे ४० टक्के, चौथं सुरू होताना ६०, पाचवं सुरू होताना ८० टक्के क्रेडिट पूर्ण लागतात. नवं विद्यापीठ जुने सगळे क्रेडिट मान्य करतंच असं नाही. तिसऱ्या वर्षानंतर पदवी अर्धवट ठेवून आलेल्या मुलाची प्रवेशाची बातमी येऊनही नाव अडकलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा अडचण इथेच असते. पदवी घेऊन आलेल्याला ही भानगड नाही.

दुखापतीचा इतिहास किती मनावर घ्यायचा?

प्रकार आणि जागा पाहून. पेनिक्सचे इंडियानातले २०१८ ते २०२१ असे चारही हंगाम दुखापतीने अर्ध्यावर संपले: दोन वेळा गुडघा, दोन वेळा खांद्याचा भाग. तरीही वॉशिंग्टनमध्ये २०२२ ला दर सामन्यामागे आणि २०२३ ला एकूण पासिंग यार्डांत तो देशात पहिला ठरला. त्याच्यापुढची लाइन चांगली होती आणि चेंडू त्याच्या हातून लवकर सुटत होता. दोन्ही गोष्टी नव्या संघात असतील तर जुनी दुखापत कमी बोचते.

जास्त काळजी फेकणाऱ्या हाताची. ओक्लाहोमाचा जॉन मॅटीर २०२५च्या सप्टेंबरमध्ये उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच टेक्साससमोर उतरला आणि ३ इंटरसेप्शन देऊन बसला. बोटाला किंवा अंगठ्याला मार लागून परतलेल्या क्वार्टरबॅकचे पहिले दोन-तीन सामने त्याच्या मूल्यमापनात धरू नयेत.

पैशाचा यात काय संबंध?

१ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर कमाई करू शकतात, आणि हाउस खटल्यातल्या (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेला) समझोत्यानंतर १ जुलै २०२५ पासून विद्यापीठ थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर. फुटबॉलच्या वाट्याला आलेल्या रकमेतून क्वार्टरबॅकला मोठा तुकडा गेला की तेवढा लाइनच्या आणि रिसिव्हरच्या खर्चातून कमी होतो. म्हणून ‘किती मिळाले’ या बातमीपेक्षा ‘त्याच खिडकीत टॅकल कोण आणले’ ही बातमी शोधा. महागडा क्वार्टरबॅक आणि कच्ची लाइन ही जोडी ऑक्टोबरपर्यंत उघडी पडते.

फसलेली उदाहरणं कोणती?

डीजे उइयांगालेलेई क्लेमसनहून ओरेगॉन स्टेट, तिथून २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट. आदल्या वर्षी १३–१ असलेला संघ त्या वर्षी २–१० झाला. त्याने पाच सामन्यांत ४ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन दिले आणि हाताच्या दुखापतीने बाहेर गेला. सगळा दोष त्याचा नक्कीच नाही, लाइन आणि रिसिव्हर दोन्ही बदलले होते. पण खूण आधीपासून होती: सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून तीन हंगामांत त्याची टक्केवारी ५५.६, ६१.९ आणि ५७.१. तीन वर्षं, दोन संघ, अचूकता तिथल्या तिथे. तिसऱ्या संघात ती अचानक सुधारेल असं मानायला कारण नव्हतं.

निको इआमालिएवा एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीतून यूसीएलएला गेला आणि संघ ३–९ राहिला. तिथे वसंतातला सराव हुकला, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच हेड कोच बदलला. अशा परिस्थितीत क्वार्टरबॅकची पारख करणंच कठीण.

जानेवारी ते ऑगस्टमध्ये काय घडतं? वसंतातला सामना पाहून काही कळतं का?

जानेवारीत प्रवेश घेतलेल्याला वसंतातले १५ सराव मिळतात, उन्हाळ्यात रिसिव्हरांसोबत स्वतःहून केलेला सराव, आणि ऑगस्टचा कॅम्प. हे १५ सराव ज्याला मिळाले नाहीत त्याच्याकडून सप्टेंबरमध्ये सफाईची अपेक्षा ठेवू नका.

वसंतातल्या सामन्यात क्वार्टरबॅकला हात लावायला बंदी असते, बचाव साधा ठेवलेला असतो. त्यामुळे टचडाउन मोजू नका. हडल वेळेत सुटतं का, चुकीच्या जागी उभ्या असलेल्या रिसिव्हरला तो हलवतो का, आणि पहिल्या फळीसोबत किती खेळ मिळतात, हे पाहा. पहिल्या फळीत दुसराच कोणी दिसला तर कोचच्या मुलाखतीपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा.

पहिल्या वर्षी निकाल लागला नाही तर?

बरो आणि डॅनियल्स दोघेही दुसऱ्या वर्षी फुलले. ॲरिझोना स्टेटमध्ये २०२१ ला १० टचडाउन, १० इंटरसेप्शन देणाऱ्या डॅनियल्सचे एलएसयूत पहिल्या वर्षी १७ आणि ३, दुसऱ्या वर्षी ४० आणि ४. ऑबर्नहून ओरेगॉनला आलेल्या बो निक्सने दुसऱ्या वर्षी ७७.४ टक्के पास पूर्ण केले. पण एकच वर्ष उरलेल्याला ही सवलत नाही. मेंडोझा, वॉर्ड, हॉवर्ड यांनी पहिल्याच वर्षी करून दाखवलं, आणि तिन्ही ठिकाणी भोवतालचा संघ तयार होता.

पहिल्या तीन सामन्यांत धावफलक कमी आणि या गोष्टी जास्त पाहा: प्ले क्लॉक संपत आल्यामुळे वाया गेलेले टाइमआउट, रिसिव्हर एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे गेलेले पास, आणि दबावाखाली आल्यावरचे सॅक. पहिल्या दोन चुका ऑक्टोबरपर्यंत कमी होतात. तिसरी जुन्या संघात होती तेवढीच राहण्याची शक्यता जास्त.

आकडे कुठे मिळतात आणि भारतातून सामने किती वाजता?

हंगाम आणि सामन्यागणिक मूळ आकडे स्पोर्ट्स रेफरन्सच्या कॉलेज फुटबॉल विभागात फुकट मिळतात. दबाव, सुटलेले पास, फेकायला लागलेला वेळ असे तपशील पीएफएफसारख्या ठिकाणी पैसे भरून.

सामने बहुतेक शनिवारी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी १२चा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, दुपारी साडेतीनचा रात्री एक वाजता, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, त्यानंतर प्रत्येक वेळेत एक तास वाढवा.